कांड्या भरायचा वेळ

मागच्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागलेला असताना, दुपारी तीनच्या सुमारास पुण्याहून फोन आला. एका प्रकाशन संस्थेत काम करणारी मुलगी, बोलायला नेहमीसारखीच गोड. मी 'हॅलो' म्हटलं आणि माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "अय्या मॅडम, झोपल्या होतात का?" तिच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं. झोपले होतेच. मी 'हो' म्हटलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यानंतर मी थांबलेच नाही. पहाटे साडेचारला उठते, अकरापर्यंत सलग बसते, कालच्या प्रुफातल्या दुरुस्त्या झाल्यात, अनुक्रमणिका तेवढी राहिलीय, इकडे पारा पंचेचाळीसच्या वर आहे, संध्याकाळी सहाला पुन्हा बसणार आहे. ती ऐकत राहिली. तिला फक्त पुस्तकाचा आयएसबीएन कळवायचा होता. फोन ठेवल्यावर मी खाटेवर तशीच बसून राहिले. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा ओढत असल्याचा आवाज येत होता, उठून नळी लावायला हवी होती. त्या मुलीनं मला काही विचारलंच नव्हतं. मग मी हजेरी कोणाला देत होते?

मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. आधी एका छापखान्यात नोकरी होती. तो बंद पडला आणि तिथली काही गिऱ्हाइकं हळूहळू माझ्या दाराशी आली. नागपुरातल्या मानेवाड्याच्या घराची मागची खोली माझी. एक टेबल, मोठा मॉनिटर, वीज वरखाली झाली की बोंबलणारा यूपीएस, आणि छापखान्यातून आणलेली, अक्षरांच्या मापाचे पॉइंट मोजायची जुनी स्टीलची पट्टी. खोली पश्चिमेची आहे. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत दुपारी तिथली भिंत हात लावू देत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, तो आकडा आमच्या घरात अजून दर उन्हाळ्यात निघतो. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रातल्या शाळांनंतर, जून संपत आल्यावर उघडतात. दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीवाल्यांना भर उन्हात ताटकळावं लागू नये. सरकारनं आणि पोलिसांनी उन्हापुढं वेळापत्रक वाकवलं, तसं मीही माझं वाकवलं. साडेचारला उठते तेव्हा कोकीळ आधीच सुरू झालेला असतो. खिडकी उघडली की आत येणारी हवा निदान तापलेली तरी नसते. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या की पहिले काही दिवस सगळ्या खोलीत तोच वास भरून राहतो, आणि त्या वासात पहिले दोन-तीन तास डोळे असे काही चालतात की सरकलेला रफार किंवा शेजारच्या अक्षराला चिकटलेली वेलांटी शोधावी लागत नाही, ती दिसते. अकरानंतर तेच पान दोनदा वाचलं तरी चूक निसटते. थकलेल्या डोळ्यांनी केलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी दुपारी झोपते.

हे सगळं मला पटलेलं आहे. तरी फोनवर जीभ सुटली.

माझे आबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही गिरणी. तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटत. आबा रिटायर झाल्यावरही भोंगा झाला की चपला शोधायचे, मग लक्षात येऊन पुन्हा बसायचे. सुताला कोरडी हवा मानवत नाही, धागा तुटतो, म्हणून खात्यातली हवा ओली ठेवायचे. बाहेर उन्हाच्या झळा आणि आत दमट गरमी, आबांची उमेदीची वर्षं या दोन हवांमध्ये गेली. कष्टाचं काम होतं आणि त्यात मी काही सोनं शोधत नाही. पण त्या गिरणीत १८८६ पासून पेन्शन फंड होता, १८९५ पासून अपघाताची भरपाई होती. खाडा झाला तर पगार कापला जाई आणि हजर असलेल्या पाळीचा पैसा ठरलेल्या दिवशी हातात पडे. मला सर्वांत जास्त आठवतं ते त्यांचं कामाचं बोलणं. दुपारच्या पाळीहून आल्यावर कोणी काही सांगितलं तर ते ओट्यावर तंबाखू मळत एवढंच म्हणत, "आत्ताच सुटलो, बाप्पा." त्यावर कोणी दुसरा शब्द बोलत नसे. सुटलेल्या माणसावर गिरणीचा हक्क नव्हता, घरच्यांनीही तासभर काम सांगायचं नाही, असा अलिखित नियम होता. गिरणी २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. भोंगा गेला, पण भोंग्याची सवय आबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आलेली आहे, असं मला त्या दुपारी वाटलं. फरक इतकाच की माझ्याकडे पाळी सुरू झाल्याचा भोंगा होतो, सुटल्याचा होत नाही.

आमचं जुनं घर गोळीबार चौकाकडच्या एका गल्लीत होतं. आबा गिरणीत जात, पण शेजारपाजारी हातमाग. घराघरांत खड्ड्याचे माग बसवलेले, माणूस जमिनीच्या पातळीवर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. शेजारच्या काकांचा माग आमच्या भिंतीला लागून होता. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे गेला की ठक्, फणी आपटली की ठक्, आणि या आवाजात मी शाळेचे पाढे पाठ केलेले आहेत. काकांना लुगड्यावर मजुरी मिळायची. शेठ सूत द्यायचा, काका लुगडं विणून नेऊन द्यायचे, घडी उलगडून पाहून शेठ पैसे मोजायचा. पण लुगडं मागावर चढण्याआधीचं काम कोण करायचं? काकू करायच्या. सूत उकलायचं, चरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या, उभ्या धाग्यांचा ताणा घालायचा, मग सुताला खळ लावून गल्लीत ताणून वाळवायचं. खळ लावायच्या दिवशी गल्लीतून सायकलसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत. पावसाळ्यात ते सूत वाळायचं नाही आणि तीन-तीन दिवस माग गप्प राहायचा. काकूंच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर धागा सरकून सरकून एक चीर पडली होती. त्या चिरेत हळद भरून काकू पुन्हा चरख्याशी बसत. मला कौतुक वाटायचं म्हणून त्या मला एखादी कांडी भरू द्यायच्या. माझी कांडी एकीकडे फुगायची, मग त्या न रागावता ती उलगडून पुन्हा भरायच्या. फुगलेली कांडी धोट्यात अडकते आणि धागा तुटतो. तुटलेला धागा जोडायला काकांना माग थांबवावा लागतो. म्हणजे लुगड्याचं पोत काकूंच्या बोटावर अवलंबून होतं.

काकूंच्या कांड्यांची मजुरी शेठच्या कुठल्याही वहीत नव्हती.

मला पानावर पैसे मिळतात. लेखकाकडून फाइल येते ती पुष्कळदा जुन्या फाँटात टाइप केलेली असते. ती युनिकोडमध्ये आणली की 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. एकगठ्ठा बदलायला जावं तर 'सूर्या' आणि 'आचार्या' आडवे येतात, ते 'सूऱ्या', 'आचाऱ्या' होऊन बसतात. म्हणून एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहून बदलावं लागतं. अवतरणचिन्हं उलटी झालेली असतात, काही परिच्छेद एंटरनं तोडलेले तर काही ओळी स्पेसबार दाबून दाबून मध्यावर आणलेल्या. तळटिपांचे आकडे सुटून मजकुरात विरघळलेले. एका चरित्राच्या फाइलमध्ये लेखकानं कुठे तारखा देवनागरीत टाकल्या होत्या, कुठे इंग्रजीत, आणि एकाच माणसाचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. अशा फाइलवर सबंध सकाळ जाते. अकरा वाजता मान वर करते तेव्हा तयार पानांची संख्या शून्य असते. मग फोन. छापखान्याला कागदाचा भाव विचारायचा, लेखकाला विचारायचं की अर्पणपत्रिका देणार की नाही, मागच्या पुस्तकाचे पैसे कधी येतात ते कोणाला तरी आठवण करून द्यायचं. बॅकअप घ्यायचा. यूपीएसची बॅटरी बदलून आणायची. संध्याकाळी वहीत 'आज काय झालं' लिहायला बसलं की लिहिण्यासारखं काही नसतं, आणि अंग मात्र मोडून आलेलं असतं.

वेळेच्या हिशेबाच्या बऱ्याच पद्धती मी मनापासून करून पाहिल्या. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ती टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून नाव पडलेली पद्धतही. कंटाळवाण्या कामाला ती चांगली आहे. बिलं करायला, जुन्या फाइली लावायला मी अजून वापरते. मांडणीच्या कामाला ती मानवत नाही. एखाद्या प्रकरणाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेलेली असते, ती मागं घ्यायला चार पानं आधीपासून अक्षरांमधलं अंतर केसभर कमी करत यावं लागतं, आणि हे करताना घंटी वाजली की हातातलं सगळं सांडतं. उलट कधी दहा मिनिटांतच कळतं की आज हे पान होणार नाही, त्यापेक्षा उठून भाजी आणावी. गोकुळपेठेच्या बाजारात संत्री निवडताना मला मुखपृष्ठाच्या मागच्या मजकुराची जागा सुचलेली आहे. तो वेळ कुठल्या रकान्यात लिहायचा, हे ठरवता येत नाही म्हणून मी रकाने सोडले. वही ठेवलीय. तिच्यात आता केलेली पानं न लिहिता अडलेली ठिकाणं लिहिते. दुसऱ्या दिवशी पहाटे वही उघडली की सुरुवात कुठून करायची ते शोधावं लागत नाही.

घरून काम करणाऱ्या बाईला शेजार हा एक वेगळाच विषय आहे. "काहून ओ ताई, घरीच आहात न आज? आमचा सिलिंडर येऊन राहिला, घेऊन ठेवजा." समोरच्या वहिनींच्या या हाकेला मी इतक्या वर्षांत नाही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, कारण माझी आई गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडून होती तेव्हा त्याच वहिनींनी महिनाभर आमच्या दोघींचा स्वयंपाक पाठवला. आईच्या डोळ्यांत दर दोन-तीन तासांनी थेंब घालायचे होते. एक थेंब, पाच मिनिटं थांबून दुसरा, मग डोळा मिटून पडून राहायचं. त्या काळात माझं काम विलक्षण झालं. थेंब ते थेंब एवढाच वेळ हातात आहे म्हटल्यावर मन इकडेतिकडे गेलं नाही, आणि थेंब घालायला उठले की आपण काम सोडून चाललोय असंही वाटलं नाही. आई डोळे मिटून विचारायची, "किती पानं झाली?" मी सांगायची. ती म्हणायची, "मग जरा पड आता." नोकरीत असते तर तिच्या पहिल्या तपासणीनंतर मला रजा संपली म्हणून जावं लागलं असतं. हे मी विसरू शकत नाही. पण त्याच महिन्यात बँकेत कर्जाची चौकशी करायला गेले तेव्हा समोरच्या माणसानं फॉर्म पाहून विचारलं, "पगाराची स्लिप नाही? मग नियमित काम काय करता?" आणि हेही विसरता येत नाही.

पैशांच्या वसुलीवर तर अख्खा लेख होईल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी केलेल्या माझ्यासारखीचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही तरतूद आलीय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. ही तरतूद आल्यावर मार्च महिन्यात काही ठिकाणांहून माझे अडकलेले पैसे न मागता आले, आणि मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्याकडून आले नाहीत त्यांना मी कायद्याचं कलम लिहून मेल तयार करते आणि ती मसुद्यातच राहते. कारण समोरचा माणूस शेठ नसतो. तोही पुस्तकं छापून, गावोगावच्या ग्रंथालयांकडून येणाऱ्या पैशांची वाट पाहत बसलेला असतो. तो थांबला की मी थांबते, मी थांबले की प्रुफं वाचणारे गुरुजी थांबतात. या साखळीत चिडायचं कोणावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चीड मात्र येते, विशेषतः वीजबिलाच्या दिवशी.

आमच्या धंद्याला नागपुरात दोन मोसम आहेत. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की मोर्चेवाल्यांची निवेदनं आणि अहवाल रातोरात हवे असतात. ते काम येतं तसं जातं. दुसरा मोसम दसऱ्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा दिली त्या दीक्षाभूमीवर दसऱ्याला देशभरातून लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. मैदानाच्या कडेनं आणि रस्त्यावर पुस्तकांची दुकानं लागतात. माझे एक जुने गिऱ्हाईक, मी त्यांना भाऊ म्हणते, वर्षाची निम्मी विक्री त्या दोन-तीन दिवसांत करतात. म्हणून ऑगस्टपासून त्यांची घाई चालू होते आणि सप्टेंबरात आमच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. त्या दिवसांत मी दुपारी झोपत नाही, हवाही तोवर मऊ झालेली असते. एका वर्षी त्यांची एक पुस्तिका सहा फॉर्म्यांत बसत होती, सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे ९६ पानं. मला त्यातली अक्षरं बारीक वाटली. मी ती चौदा पॉइंटांवर नेली तर मजकूर वाढून सातवा फॉर्मा लागला, ११२ पानं झाली. भाऊ म्हणाले, "ताई, कागदाचा खर्च वाढून राहिला." आमचा एक अख्खी संध्याकाळ त्यावर वाद झाला. मी दोन्ही पानं छापून त्यांच्या हातात दिली आणि दिव्यापासून दूर धरायला सांगितलं. शेवटी त्यांनी मोठं अक्षर मान्य केलं.

त्या दसऱ्याला मी त्यांच्या दुकानावर उभी होते. गर्दी इतकी की पुस्तक उचलायला हात घातला तर खांद्याला खांदा लागायचा. धूळ, निळे झेंडे, उकडलेल्या शेंगांचा वास, लाउडस्पीकरवर बुद्धवंदना. एक बाई पुढं आली, डोक्यावर पदर, काखेत पिशवी, आधीच घेतलेल्या दोन तसबिरी त्यात. तिनं ती पुस्तिका उघडली, मधलंच एक पान, आणि भाऊंना विचारलं, "अक्षरं मोठी हायेत न याची? आमच्या सासऱ्याले बारीक दिसत नाही." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तिनं ओळीखाली बोट धरून दोन ओळी मोठ्यानं वाचून पाहिल्या, पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि दोन प्रती घेतल्या, एक शेजारच्यांसाठी. त्या पुस्तिकेच्या बिलात माझ्या पानांचे पैसे होते. वाद घातलेल्या संध्याकाळचे नव्हते, आणि खरं काम त्या संध्याकाळीच झालं होतं. काकूंची आठवण मला त्या गर्दीत प्रथम इतकी स्पष्ट आली. त्यांच्या बोटावरची चीर, तिच्यातली हळद.

मे महिन्यातल्या त्या फोननंतर मला वाटत राहिलं की मी त्या मुलीला जे भडाभडा सांगत होते, ते चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या वेळी सांगत होते, पण सांगण्यासारखं होतं. ते झोपेतून उठून कोणाला समजावण्यापेक्षा जिथं आकडे लिहितात तिथं लिहिलेलं बरं. म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडून कूलर नुसताच दमट वारा फेकायला लागला तेव्हा मी खिडकी उघडून बसले आणि नवं दरपत्रक केलं. पानाचा दर आहे तोच ठेवला. त्याखाली एक ओळ वाढवली: 'मूळ फाइल शुद्ध करून घेणे', वेगळा दर, फाइल पाहून ठरेल. आणि आणखी एक: तिसऱ्या प्रुफानंतर लेखकानं मजकूर बदलला तर त्या दुरुस्त्यांचे पैसे वेगळे. ते सगळ्यांना पाठवलं. पुण्याहून एका ओळीचं उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम." एका प्रकाशकांनी काहीच कळवलं नाही आणि पुढचं काम दुसरीकडे दिल्याचं कानावर आलं. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

भाऊंचा फोन त्याच दिवशी आला. "ताई, हे काय काढलं नवीन? इतकी वर्षं तर कधी लावलं नाही." मी त्यांना म्हटलं, एकदा पहाटे येऊन बसा. ते खरंच आले, सहाला, हातात गरम तर्री पोह्यांचा पुडा घेऊन. मी त्यांच्याच नव्या पुस्तकाची फाइल उघडली आणि एक प्रकरण त्यांच्यासमोर साफ केलं. पहिली दहा मिनिटं ते बोलत होते, मग खुर्ची पुढं ओढून स्वतःच 'हे पाहा, इथं राहिलं' म्हणायला लागले. पोहे गार झाले. साडेआठला चष्मा काढून ते म्हणाले, "हे तर छापखानेवाले आपोआप होते म्हणत होते न." मग दरावर बसलो. मी मागितलेला आकडा त्यांना जड जात होता आणि तो का जड जातोय हे त्यांनी वहीतली छपाईची, कागदाची बेरीज दाखवून सांगितलं, तेही खोटं नव्हतं. या पुस्तकापुरतं निम्म्यावर ठरलंय. दसऱ्याची विक्री पाहून पुन्हा बोलायचं, आणि तोवर लेखकांना जुन्या फाँटात टाइप करू नका म्हणून तेच सांगणार आहेत.